ट्वीड व्हॅलीतल्या ताईला, सायकलच्या मापाबद्दल

प्रिय ताई,

व्हॉट्सॲपवर हात जोडलेले दोन इमोजी पाठवून मी मोकळी झाले असते. पण अलीकडे दोघी-तिघींनी मला नेमका तोच प्रश्न विचारला, जो मी तुला विचारला होता: उंची बेताची, वजन त्याहून बेताचं, एन्ड्युरो सायकल घ्यायची आहे, स्मॉल घेऊ की मीडियम? त्यांना उत्तर देताना माझ्या तोंडून तुझीच वाक्यं बाहेर पडतात. म्हणून म्हटलं, आभार चारचौघांत मानावेत. वाक्यं कुणाची आहेत तेही लोकांना कळेल.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच: एन्ड्युरोत डोंगर आपल्याच पायांनी चढायचा, पण वेळ मोजतात ती उताराची. 2013 साली इटलीतल्या पुंता आला इथे एन्ड्युरो वर्ल्ड सिरीजची पहिली फेरी झाली आणि दुसऱ्याच वर्षी ती स्कॉटलंडच्या ट्वीड व्हॅलीत आली. तीच ही आपली व्हॅली. एडिनबराहून एक्स 62 बस धरली की आधी पीबल्स, मग इनरलीदन. इनरलीदनच्या गोल्फ मैदानाच्या वर काबरस्टनचं जंगल आहे, त्याला सगळे नुसतं गोल्फी म्हणतात. ओली काळी माती, तिच्यातून वर आलेली मुळं, आणि काही ठिकाणी उतार इतका की वाट पुढे आहे यावर विश्वास ठेवावा लागतो. सायकलचं माप बरोबर आहे की नाही, ते अशाच ठिकाणी कळतं.

सायकल घ्यायची आपली पद्धत तुला सांगायला नको. शाळेत असताना पुण्यात माझ्यासाठी 22 इंची लेडीज सायकल घेतली, तेव्हा दुकानदाराने मला सीटवर बसवलं, दोन्ही चवडे जमिनीला टेकतात का ते पाहिलं आणि बाबांना म्हणाला, "होईल, पोरगी अजून वाढेल." इथल्या एका दुकानातही थोड्याफार फरकाने तेच झालं. उंचीचा तक्ता काढला. माझे 163 सेंटीमीटर स्मॉलच्या वरच्या टोकातही बसत होते आणि मीडियमच्या खालच्या टोकातही. मग म्हणाले, पार्किंगमध्ये चकरा मारून बघा, जी बरी वाटेल ती घ्या. दोन्ही बऱ्याच वाटल्या. पार्किंगमध्ये बसून चालवली की कुठलीही सायकल बरी वाटते.

तू फोनवर सगळं ऐकून घेतलंस आणि एकच विचारलंस: "उतारावर तू बसणार आहेस का?"

माझं निम्मं काम तिथेच झालं. बसल्यावर हँडल किती लांब वाटतं ते इफेक्टिव्ह टॉप ट्यूबवर, म्हणजे सीटपासून पुढच्या आडव्या अंतरावर ठरतं. हा आकडा सीटची नळी किती उभी आहे त्यावर बदलतो. पूर्वी ती 73-74 अंशांत असायची; आताच्या एन्ड्युरो सायकलींत 76 ते 78 अंशांत असते, म्हणजे चढावर वजन फार मागे जात नाही आणि पुढचं चाक उचललं जात नाही. नळी उभी झाली की सीट पुढे सरकते आणि तीच फ्रेम बसल्यावर आखूड वाटू लागते. मीडियम मला पार्किंगमध्ये सुटसुटीत वाटली ती त्यामुळे. पण उतारावर सीटचा संबंध संपतो. पाय पेडलवर, हात हँडलवर, मधे काही नाही. अशा वेळी कामाचे आकडे दोन. पेडलच्या अक्षापासून हेड ट्यूबच्या (हँडलखालची फ्रेमची पुढची नळी) वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर म्हणजे रीच आणि उभं अंतर म्हणजे स्टॅक. माझ्यासमोर निवड होती 430 मिमी रीच की 455.

मग तू मला दोन्ही सायकली मागून घ्यायला लावल्यास, सीट पूर्ण खाली करायला लावलीस आणि उतारावर नुसतं उभं केलंस. कोपर बाहेर, छाती खाली, टाचा दाबलेल्या. 455 वर माझे हात जवळजवळ सरळ होत होते. सरळ हातांनी पुढच्या चाकावर वजन टाकता येत नाही, आणि वजन नसलेलं चाक वळणावर पकड सोडतं. 430 वर कोपरात वाक शिल्लक राहत होता आणि कंबर पुढे-मागे हलवायला जागाही. लांब फ्रेम वेगात स्थिर असते हे तू नाकारलं नाहीस. गेल्या दशकभरात फ्रेम लांब होत गेल्या आणि स्टेम (हँडल धरून ठेवणारे पुढचे तुकडे) आखूड होत 35 ते 50 मिमीवर आले, ते काही उगाच नाही. पण तुझं म्हणणं असं की, स्थिर सायकल वळवायला अंग हलवावं लागतं, आणि ज्याचे हात आधीच पूर्ण ताणलेत त्याच्याकडे हलवायला अंगच उरत नाही. मला हे पटलं. मधल्या मापात अडकलेल्या प्रत्येकाने छोटीच फ्रेम घ्यावी असं मात्र तू म्हणाली नव्हतीस, हेही इथे नोंदवते. लांब हातांच्या, उघड्या रस्त्यांवर वेगात जाणाऱ्या बाईला तू कदाचित मीडियमच सांगितली असतीस.

दुसरा कौल सीटच्या नळीने दिला. स्मॉलची नळी 390 मिमी, मीडियमची 420. माझ्या पायांच्या लांबीला स्मॉलमध्ये 170 मिमी खाली जाणारा ड्रॉपर, म्हणजे चालवताना सीट खाली-वर करणारा दांडा, बसत होता, मीडियममध्ये 150 च्या पुढे नाही. 20 मिमी म्हणजे काय एवढं, असं वाटतं. उभ्या उतारावर मागे सरकताना सीट पोटात रुतते तेव्हा काय एवढं ते समजतं.

हँडल 800 मिमीचं आलं होतं. तू तुझ्या गॅरेजमध्ये करवतीने ते टप्प्याटप्प्याने 750 पर्यंत आणलंस, कारण कापलेलं परत जोडता येत नाही. फार रुंद हँडलवर हात पसरतात, छाती खाली ओढली जाते, आणि छोटी फ्रेम घेऊन मिळवलेली जागा तिथे निघून जाते. स्टेमखालच्या स्पेसरचा, म्हणजे उंची वाढवणाऱ्या कडीचा, हिशेबही तेव्हाच समजला: हेड ट्यूब 64 अंशांत कललेली असताना 10 मिमीचा स्पेसर स्टेमखाली घातला की हँडल वर जातं तसंच साधारण साडेचार मिमी मागेही येतं. म्हणजे उंची बदलली की रीचही बदलतो.

आता सस्पेन्शन, म्हणजे पुढचा फोर्क आणि मागचा शॉक. इथे तुझे आभार मानावे तितके थोडे, कारण 56 किलोच्या माणसाचा विचार कारखान्यात फार कमी होतो. डॅम्पर, म्हणजे सस्पेन्शनच्या हालचालीला आवर घालणारे आतले भाग, साधारण मधल्या वजनाच्या माणसाला धरून बांधलेले असतात. आपण त्यांच्या पट्ट्याच्या टोकाला. ज्युलियाना या बायकांसाठीच्या ब्रँडच्या सायकलींत फ्रेम सांताक्रूझ कंपनीचीच, पण शॉकचं अंतर्गत ट्यूनिंग हलक्या वजनासाठी केलेलं असायचं. मला विचारशील तर बायकांच्या सायकलीत रंगापेक्षा हीच एक गोष्ट मोलाची.

सॅग, म्हणजे नुसत्या आपल्या वजनाने सस्पेन्शन किती दबतं ते, मोजतानाही तू मला बसू दिलं नाहीस. हेल्मेट, गुडघ्याचे पॅड, पाण्याची पिशवी, हत्यारं, सगळं अंगावर चढवून पेडलवर उभं राहायचं, भिंतीचा हलका आधार, कॉम्प्रेशन (दबण्याला होणारा अडथळा) पूर्ण उघडं. दुसऱ्याने ओ-रिंग, म्हणजे किती दबलं ते दाखवणारी रबरी कडी, सरकवायची. माझ्या शॉकचा स्ट्रोक, म्हणजे तो जास्तीत जास्त दबतो ते अंतर, 60 मिमी, त्याचे 30 टक्के म्हणजे 18 मिमी. पुढे 170 मिमी दबणाऱ्या फोर्कला 17-18 टक्के, म्हणजे 30 मिमीच्या आसपास. प्रत्येक वेळी हवा भरली की शॉक दहा-बारा वेळा सावकाश दाबायचा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या कप्प्यांतली हवा समान होते. हे केलं नाही तर आकडा खोटा येतो. पंप काढताना होणारा फुस्स आवाज नळीतल्या हवेचा असतो, शॉकमधल्या नाही, हे मला तुझ्याकडूनच कळलं.

या दोन्ही सॅगचं फ्रेमच्या मापाशी नातं आहे, हे इतर कुणी मला सांगितलं नव्हतं. मागे जास्त सॅग आणि पुढे कडक फोर्क अशी जोडी झाली की पूर्ण सायकल मागे कलते. स्टॅक 620 मिमीच्या आसपास असेल तर एका अंशाच्या कलण्याने रीच जवळपास 11 मिमीने घटतो. पुढे फार मऊ केलं की उलट: हँडल खाली जातं, हेड ट्यूब उभी होते आणि उतारावर आपण पुढच्या चाकावरून डोकावतोय असं वाटतं. स्मॉल की मीडियम यावर आठवडे घालवायचे आणि नंतर डोळे मिटून हवा भरायची, म्हणजे फोडणी जमवून मीठ विसरण्यासारखं.

रिबाउंडबद्दल, म्हणजे दबलेलं सस्पेन्शन किती वेगाने परत येतं त्याबद्दल, तुझा नियम साधा. वजन कमी, म्हणून हवा कमी. हवा कमी, म्हणून परत उसळण्याचा जोर कमी. म्हणून रिबाउंड उघडा ठेवायचा. फूटपाथच्या कडेवरून उभ्याने खाली उतरायचं: सायकल एकदा उसळून थांबली तर ठीक, डुलत राहिली तर रिबाउंड फार मोकळा. आणि रिबाउंडच्या खुंटीचे क्लिक नेहमी पूर्ण बंद स्थितीपासून मोजायचे, म्हणजे दोघी एकच भाषा बोलतो. पण खरी परीक्षा मुळांच्या ओळीवर. रिबाउंड बंद-बंद असेल तर पहिल्या मुळावर दबलेला फोर्क दुसरं मूळ येईपर्यंत पूर्ण बाहेर येत नाही, तिसऱ्याला आणखी कमी, आणि चौथ्यापर्यंत हातात सस्पेन्शन नसतंच. हाताला वाटतं की फोर्क कडक आहे. मग माणूस हवा कमी करतो, फोर्क आणखी खाली बसतो, आणि दुखणं वाढतं. माझ्या फोर्कचा रिबाउंड आज जवळपास पूर्ण उघडा आहे. आणखी उघडायची गरज पडली तर आत पातळ तेल किंवा वेगळे शिम (पातळ चकत्या) घालून घ्यावे लागतील, हेही तू आधीच सांगून ठेवलंयस.

दुसरी गोष्ट टोकनची. फोर्कचा शेवटचा भाग मला कधी वापरायलाच मिळत नव्हता, ओ-रिंग वरून चांगली तीन-चार बोटं खाली राहायची. हवा काढायचा मोह होतोच. तू वरची टोपी उघडून आतला प्लॅस्टिकचा टोकन काढलास. टोकन आत जागा अडवतो, त्यामुळे फोर्क दबत गेला की हवेचा दाब झपाट्याने चढतो. तो काढल्यावर सॅग जवळपास तेवढाच राहिला, आणि शेवटचा भाग मोकळा झाला. अर्थात मोठ्या उड्यांवर फोर्क तळाला आपटू लागला तर टोकन परत आत जाईल. तो मी डबीत जपून ठेवलाय.

थंडीचं गणित मात्र मला खरंच आवडलं. घरात 20 अंशांना 40 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेला फोर्क बाहेर 2 अंशांना जवळपास साडेतीन पीएसआयने उतरतो. 90 किलोच्या माणसाच्या फोर्कमध्ये हवा मुळातच जास्त, त्यामुळे टक्क्यांत त्याला हा फरक थोडा कमी पडतो. माझ्यासाठी तो जवळपास साडेआठ टक्के. शिवाय तेल घट्ट होऊन रिबाउंड मंदावतो तो वेगळाच. जानेवारीत गोल्फीवर जाताना म्हणूनच हवा गाडीतळावर भरायची आणि रिबाउंड एक क्लिक मोकळा करायचा.

बाकी किरकोळ वाटणाऱ्या, पण तू हट्टाने लावलेल्या सवयी: आधी टायरची हवा ठरवायची, मग बाकी सगळं, कारण दोन पीएसआयने टायर जेवढा फरक पाडतो तेवढा दोन क्लिक पाडत नाहीत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, त्याच छोट्या तुकड्यावर, आणि वहीत लिहायची. रॉकशॉक्स या फोर्क बनवणाऱ्या कंपनीच्या पुस्तिकेत 50 तासांनी फोर्कचे खालचे पाय उघडून स्वच्छ करायला सांगितलंय, ते पाळायचं. सील कोरडे पडले की घर्षण वाढतं, आणि हलक्या माणसाचं वजन ते घर्षण मोडायलाच खर्च होतं.

ताई, यातलं काहीही करायला तू बांधील नव्हतीस. शनिवारची सकाळ, चिखल, वर तो बारीक पाऊस, आणि तुला स्वतःला वर जायचं होतं. तू मला एका जागी उभं करून ओ-रिंग बघत बसलीस, माझे प्रश्न संपेपर्यंत.

तुझा शॉक पंप माझ्याकडेच आहे. त्याच्या तोंडाची रबरी रिंग झिजली होती, ती बदललीय. येत्या रविवारी इनरलीदनला येतेय, तेव्हा परत करते. आणि ती मीडियम घ्यावी की नाही म्हणून अडलेली मैत्रीण सोबत आहे. तिचे हात लांब आहेत, तूच बघ.

तुझी,
स्मॉलवाली