लेकरू वाळलेलं नाही

लीड्स

ती. दादा व आई यांना सा. नमस्कार.

इकडं सगळं ठीक. थंडी, पाऊस, माझी ड्यूटी, ते फोनवर होतंच. पत्र एवढ्यासाठी की आमच्या ओजसच्या एडीएचडीचा, म्हणजे लक्ष न टिकणं आणि सतत चुळबुळ याचा, विषय निघाला की आई रडते आणि दादा फोन ठेवून देतात.

आई, लेकरू वाळलेलं नाही. सकाळच्या गोळीनं दुपारची भूक मरते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. संध्याकाळी असर उतरला की पठ्ठ्या पिठलं-भाकरी मागून खातो. वजन-उंची वेळच्या वेळी मोजतात. आणि ही वेड्याची गोळी नाही. इथं आधी आम्हा नवरा-बायकोलाच शिकवणीला बसवलं: एका वेळी एकच काम सांगा, तेही जवळ जाऊन, चांगलं वागला की तिथल्या तिथं बोलून दाखवा. तेवढ्यानं भागेना, तेव्हा गोळी.

दादा, चार रट्ट्यांनी एडीएचडी जात नाही आणि लाडानं होतही नाही. 12 वर्षांच्या आत, घरी आणि शाळेत दोन्हीकडं, निदान 6 महिने दिसलं तरच हे नाव लावतात. अंबाजोगाईत असतो तरी ओज्या असाच असता, वर मार खाल्ला असता तो वेगळा. बऱ्याचदा हे रक्तातूनच येतं. ताटावरून दोनदा उठून मोटार बघून येणारं आपल्या घरात कोण आहे, आईला विचारा.

शाळेची तऱ्हा मात्र सांगतोच. गणिताच्या तासाला हा चुळबुळायला लागला की बाई त्याला कागदाच्या रिमांचं जड खोकं देऊन ऑफिसात पाठवतात. ऑफिसात कागद कुणालाच नको असतात. तिथल्या बाई खोकं ठेवून घेतात, थँक्यू म्हणतात, आणि थोड्या वेळानं दुसरं एखादं लेकरू तेच खोकं परत वर्गात आणतं. वजन उचलून चाललं की अंग निवतं आणि पोरगं पुन्हा वहीत डोकं घालतं, म्हणे. ओजसला सगळं ठाऊक आहे. मला म्हणाला, "पप्पा, काही काम नसतं, पण टीचरला बरं वाटतं."

आत्याचा योगेश्वरीचा दोरा बांधलाय. चावून चावून काळा केलाय, पण काढू देत नाही.

आता मनीषाचं. लातूरच्या पाहुण्यांच्या कानावर ओजसचं गेलंय आणि काका म्हणतात लपवा. लपवू नका. मनीषाला विचारून सरळ सांगून टाका. स्थळ मोडलंच तर खापर लेकरावर नको, माझ्यावर फोडा, मी लांबच आहे. दिवाळीला येणं जमत नाही. साखरपुडा ठरला तर येईन, एकटा. बँड, गर्दी ओजसला सोसत नाही. कारण तेवढंच आहे, आई, दुसरं काही मनात आणू नको.

सोयाबीन पाण्यात गेलं ते कळलं. चाळीस हजार मनीषाच्या खात्यावर टाकलेत. दादांच्या नाही टाकले, ते लगेच सोसायटीत भरून मोकळे होतील.

तुमचा,
बाळू