ताणा बघून हात फिरवायला शिकवणाऱ्या काकांना

नमस्कार काका,

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवेल. समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून चारचौघांत लिहितेय.

एप्रिलमध्ये जुन्या फर्निचरच्या दुकानातून मी १,८०० रुपयांना सागवानी ड्रेसिंग टेबल आणलं. तीन खण, कडेने काळा पडलेला आरसा, आणि अंगावर हिरव्या ऑइल पेंटचे थरावर थर. रविवारी दारात बसून कोरड्या पॉलिश पेपरने घासायला घेतलं. शेजारी माझी दोन वर्षांची लेक त्या हिरव्या भुकटीत बोटं फिरवत होती. तुम्ही रस्त्याने चालला होता. थांबलात, आधी तिला उचलून नळाखाली तिचे हात धुतलेत, मग माझ्याकडे वळलात. "जुन्या रंगात शिसं असू शकतं. कोरडं घासायचं नाही."

काका, मला हे खरंच माहीत नव्हतं. नंतर वाचलं. घरगुती रंगांतल्या शिशाला आपल्याकडे ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा लागू झाली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून, आणि हे टेबल त्याच्या कितीतरी आधीचं. शिशाची धूळ पोटात गेली तर लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. त्या रात्री मला झोप लागली नाही. बाकी सगळं बाजूला ठेवलं, तरी त्या एका क्षणासाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे.

दुसऱ्या दिवसापासून लेक आजीकडे, माझ्या तोंडाला मास्क, हातात वॉटर पेपर आणि शेजारी पाण्याची बादली. निघालेला चिखल ओल्या फडक्याने टिपून पिशवीत भरायचा, झाडू अजिबात मारायचा नाही. तरी माझा हात आडवा-उभा कसाही चालायचा आणि लाकडावर ओरखडे उठायचे. तुम्ही सोलापूरच्या पूर्व भागातल्या मागावर उमेदीची वर्षं काढलेली. माझं मनगट धरून म्हणालात, "चादरीला ताणा असतो, बाणा असतो. लाकडाला नुसता ताणा. हात ताण्याच्याच बाजूने." ताणा म्हणजे उभे धागे, बाणा म्हणजे आडवे. लाकडाची रेघ मला तेव्हा पहिल्यांदा दिसली. आता कुठलंही दार दिसलं तरी नजर आधी तिचाच शोध घेते.

खणांच्या दर्शनी फळ्यांवर हिरवा रंग नव्हता, काळपट पॉलिश होतं. तेही खरवडायला मी निघाले होते. तुम्ही कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन कोपऱ्यात फिरवलंत, बोळा तपकिरी आणि चिकट झाला. "चपडा लाख आहे. हे काढायचं नाही." लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये पुन्हा विरघळतं, त्यामुळे नवा हात जुन्यात मिसळून जातो, हे तुम्ही समोर करून दाखवलंत. सुती कपड्याच्या पोटलीने पातळ हात, वाळू द्यायचा, परत पातळ हात. सातव्या हाताला आतून मधासारखा रंग वर आला आणि आपण दोघंही काही बोललो नाही.

बाकीच्या सांगाड्याला लांबी (पुट्टी) भरून, प्रायमर मारून मी भर दुपारी गच्चीवर रंग लावला. आपलं सोलापूरचं ऊन! वरची साय लगेच धरली, आत रंग ओलाच, सकाळी सगळीकडे सुरकुत्या. मला रडू आलं. तुम्ही तेलुगूत "नेम्मदिगा" एवढंच म्हणालात, म्हणजे सावकाश, आणि २२० नंबरचा पेपर हातात दिलात. मग आठवडाभर दिवस मावळल्यावर, जिन्याखालच्या सावलीत, एका वेळी एकच पातळ हात. अडकणाऱ्या खणांच्या पट्ट्यांवर मेणबत्ती घासायचं तुम्ही जाता जाता सांगितलंत. आता लेक एका बोटाने खण ओढते. तिच्या रिबिनी सगळ्यात खालच्या खणात आहेत.

मजुरी विचारली, तर तुम्ही उलट विचारलंत, "ब्रश धुतलेत का?" धुतलेत काका. केस सरळ करून, कागदात गुंडाळून ठेवलेत.

त्या टेबलासोबतचं स्टूल अजून तसंच आहे. त्यावरही हिरवा रंग आहे. वॉटर पेपर आणून ठेवलाय, बादली भरून ठेवते. रविवारी ऊन उतरल्यावर याल का?

तुमची,
समोरच्या गल्लीतली मुलगी