सूचना : रविवारी चोडणला पक्षीनिरीक्षण

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, येत्या रविवारी गोव्यातील चोडण बेटावरच्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात जायचे ठरले आहे. सकाळी ६.३० वाजता रायबंदरच्या फेरी धक्क्यावर जमावे. गाड्या शक्यतो अलीकडेच ठेवाव्यात, कारण पलीकडे उतरल्यावर अभयारण्याचे फाटक चालत अगदी जवळ आहे.

आत होडीतून फिरायचे की पायवाटेने, हे भरती-ओहोटीवर ठरेल. ओहोटीला खाड्यांत पाणी उरत नाही, होडी रुतते. पण चिखल उघडा पडला की बगळे, तुतवार चरायला उतरतात आणि निवट्यांच्या (चिखलात राहणाऱ्या माशांच्या) उड्याही दिसतात. त्यामुळे होडी हुकली तरी कुरकुर नको! भरतीची वेळ शनिवारी रात्री कळवू.

१.७८ चौ. किमी.चे हे अभयारण्य म्हणजे बहुतेक सगळी खारफुटी. चिखलातून वर आलेली तिची मुळे श्वास घेतात, त्यांवर पाय देऊ नये. मुलांना आधीच सांगून ठेवा.

मळकट रंगाचे कपडे, पाणी, डासांचे मलम आणि असल्यास दुर्बीण आणावी. ब्लूटूथ स्पीकर घरी राहू द्या. नाश्ता परतल्यावर पणजीत, ज्याचा त्याने.

नावे शुक्रवारपर्यंत द्यावीत.

– सचिव