पंगतीचे पैसे, बुफेचं जेवण आणि माझ्या बोटाचा ठसा

प्रति,
मुख्य व्यवस्थापक,
(मंगल कार्यालय व भोजन विभाग)

विषय : पंगतीचे पैसे घेऊन बुफे लावल्याबद्दल व ६२ जादा ताटांच्या बिलाबद्दल.

आज दुपारी ३ वाजून १० मिनिटांनी तुमच्या ग्राहक सेवेशी माझं सहावं बोलणं झालं. सातवं होणार नाही, म्हणून हे पत्र.

तुमच्या 'पारंपरिक' पॅकेजमध्ये काय काय येतं ते मी तुम्हाला सांगायला नको, माहितीपत्रक तुम्हीच छापलंय. केळीच्या पानावर पंगत, जिलबी-मठ्ठा, पानामागे ६५० रुपये. शेजारच्याच रकान्यात बुफे होता, ५२० रुपयांचा. तो मी घेतला नाही, आणि का घेत नाही हे आषाढात मुलीच्या लग्नाची तारीख पक्की करायला आले तेव्हाच तुमच्या काउंटरवर सांगितलं होतं. ८० पानांच्या चार पंगती आणि शेवटी ३० पानांची विहीण पंगत, एकूण ३५०. निम्मे पैसे त्याच दिवशी भरले. तुळशीचं लग्न लागलं की सांगलीत कार्यालय मिळत नाही, म्हणून चार महिने आधी धावपळ केली. तीच चूक झाली म्हणायची.

वराकडच्या खोलीतला गिझर बंद होता, ग्रहमखाच्या समिधा ऐन वेळी आम्हालाच आणाव्या लागल्या, वगैरे वगैरे. ते सोडून देते. लग्नघरात एवढं व्हायचंच.

१२ वाजून ३७ मिनिटांचा मुहूर्त व्यवस्थित लागला (त्यात तुमचा काही हात नव्हता). अक्षता पडल्या आणि सव्वाच्या सुमारास मी वरच्या भोजनगृहात पानं मांडून झाली का बघायला गेले. पानं होती. बुफेच्या टेबलांना झालर म्हणून लावलेली! वर स्टीलच्या झाकणांची भांडी, कडेला मेलामाइनच्या डिशांची चळत. तुमच्या सुपरवायझरने सांगितलं, "काकू, वाढपी पोरं दुसऱ्या कार्यालयावर गेलीत, तिकडं मोठं लग्न आहे." म्हणजे आमचं बारकं. बरं झालं, कळलं.

पंगत म्हणजे नुसतं खाली बसून जेवणं नव्हे, हे कार्यालय चालवणाऱ्याला समजावून सांगायची वेळ यावी? पानात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी, मधे भाताची मूद, वर वरण, वरणावर तूप. मग 'वदनी कवळ' होतं, आणि यजमान हात जोडून ओळीतून फिरत 'सावकाश होऊ द्या' म्हणतात. आमच्या ह्यांनी ते कोणाला म्हणायचं होतं? रांगेत उभं राहून पनीरचे तुकडे मोजणाऱ्यांना? सावकाश व्हायची सोय कुठे होती? मागचा माणूस कोपराने ढकलत होता.

आणि विहीण पंगत. आमच्या विहीणबाई सोलापूरहून आल्या होत्या. त्यांच्यासाठी चौरंग, चांदीचं ताट, पानाभोवतीची रांगोळी आम्ही घरून आणली होती. त्या फोटोग्राफरच्या मदतनिसाच्या मागे डिश धरून उभ्या होत्या. त्यांनी एका शब्दाने काही म्हटलं नाही, त्यामुळेच जास्त लागलं. माझ्या ८१ वर्षांच्या आत्याबाई महिनाभर विहीण म्हणायचा सराव करत होत्या. 'आमची लेक सांभाळा' हे गाण्यातून सांगायची ती एकच जागा असते. पंगतच नाही, तर म्हणणार कुठे? त्यांनी वही चष्म्याच्या डबीसकट पिशवीत घातली आणि "राहू दे गं" म्हणाल्या.

आता ताटांचं. पंगतीत घोळ होत नाही, ओळी मोजल्या की पानं कळतात. बुफेत तुम्ही डिशा मोजता, आणि माणूस जिलबीला एक, भाताला दुसरी, आइस्क्रीमच्या नादात तिसरी डिश उचलतो. म्हणजे बुफे लावलात तुम्ही, तुमच्या सोयीसाठी, आणि त्यामुळे वाढलेल्या डिशा माझ्या बिलात! ३५० पानं सांगितली, बिल ४१२ चं. ६२ ताटं जादा, त्यांचे ४०,३०० रुपये. शिवाय दर पंगतीचा.

यानंतर आजचा फोन. फोनवरच्या मुलाचं नाव लिहीत नाही, तो नोकरी करतो. संवाद मात्र जसाच्या तसा देते, कारण तुमच्या त्या 'गुणवत्तेसाठी रेकॉर्ड होत आहे' मधून तो तुमच्यापर्यंत पोचला असेल असं वाटत नाही.

तो : मॅम, सिस्टीमला तुमचा फीडबॅक फाइव्ह स्टार दिसतोय.
मी : मी कधी दिला?
तो : त्याच दिवशी मॅम, ४ वाजून ३२ मिनिटांनी. तुमची सहीपण आहे.
मी : साडेचारला माझ्या मुलीची पाठवणी होती.
तो : हो मॅम, तेच. चेक-आउट टाइम.

चेक-आउट! माझी एकुलती एक मुलगी गाडीत बसत होती, माझ्या हातात ओटीचं ताट, डोळ्यांना समोरचं धड दिसत नव्हतं. त्या वेळी तुमचा सुपरवायझर टॅब घेऊन आडवा आला. "काकू, इथं फक्त बोट टेकवा, किल्ल्या परत केल्याची नोंद आहे." मी टेकवलं. बोटाला हळदीकुंकू होतं, टॅबची काच लाल झाली आणि त्याने ती रुमालाने पुसली, हेसुद्धा मला आठवतंय. ते पाच तारे म्हणजे तुमच्या सेवेची पावती, असं आज तो मुलगा मला सांगत होता. वर विचारतो, "पण मॅम, पाहुणे जेवून गेले ना?" गेले हो. उपाशी नाही गेले. तुमचे उपकारच.

मी आवाज चढवणार नाही असं ठरवून फोन केला होता. चढला.

सहा वर्षांपूर्वी माझ्या भाच्याची मुंज तुम्हीच केलीत. तेव्हा तुमचं एकच कार्यालय होतं, फोन मालक स्वतः उचलत, आणि आचारी पंगतीत येऊन "मठ्ठ्यात मीठ बरोबर आहे का" विचारून गेला होता. त्या एका वाक्यावर मी या लग्नाचं काम तुम्हाला दिलं, जाऊबाईंचं न ऐकता. आता प्रत्येक हळदीकुंकवाला मला त्यांचं ऐकावं लागतं.

माझी मागणी सरळ आहे. बुफे दिलात, तर बुफेचा दर लावा. ३५० गुणिले ५२०, म्हणजे १,८२,००० रुपये. तुम्ही घेतलेत २,६७,८००. फरक ८५,८०० रुपये, आणि त्यावर लावलेला कर, १५ दिवसांत खात्यात जमा करा. '१० टक्के सवलतीचं कूपन' देऊ नका. मला दुसरी मुलगी नाही.

पैसे आले नाहीत, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली मी जिल्हा आयोगात जाईन. तक्रार मी राहते तिथे, सांगलीतच, दाखल होते, तुमच्या हेड ऑफिसच्या गावी हेलपाटे घालावे लागत नाहीत. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही लागत नाही. मी ३१ वर्षं बँकेत हिशेब तपासले आहेत, कागद लावायला मला कंटाळा येत नाही. ३५० पानांची तुमच्याच शिक्क्याची पावती माझ्याकडे आहे. ६२ ताटं कोणी खाल्ली ते तिथे सांगा.

आणि रोज सकाळी ११ वाजता 'तुमचा अनुभव कसा वाटला?' अशी लिंक येते, ती बंद करा. आजही आली. आज बोट टेकवलेलं नाही.

वधूची आई

ता. क. : आमचं मोठं पितळी पातेलं तुमच्या भटारखान्यात राहिलंय. काठावर सासूबाईंचं नाव कोरलेलं आहे. ते मात्र उद्याच पाठवा.