पणजोबांच्या आईचं नाव शोधून देणाऱ्या गुरुजींना

गुरुजी, जय येशू.

तुम्ही म्हणालात नाव नको टाकू, म्हणून नुसतं गुरुजी लिहितोय, नागपूरच्या सदर भागातली आपली माणसं ओळखतीलच. त्या दिवशी तुमच्या घरी थँक्यू म्हणायला तोंड उघडलं आणि गळाच दाटून आला, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितो.

बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. आमचं गाव वैजापूरकडचं, घोगरगाव मिशनच्या भागातलं, मी नोकरीमुळे अकरा वर्षं नागपुरात. आजी गेल्यावर घरात एक गोष्ट फार टोचायला लागली, पणजोबांच्या आईचं नाव कोणालाच माहीत नाही. आमचं घर ख्रिस्ती झालं ते तिच्या काळात, छप्पनच्या दुष्काळानंतर (संवत १९५६, म्हणजे इंग्रजी १८९९-१९००), महारवाड्यातली बरीच घरं तेव्हा मिशनकडे गेली, पण ती बाई आमच्यासाठी नुसती "पणजोबांची माय". मागच्या दिवाळीत गावी गेलो, फादरांनी परवानगी दिली, जुन्या बाप्तिस्मा रजिस्टरचे फोटो मोबाईलवर काढून आणले आणि इथे येऊन बघतो तर काय, सगळं लॅटिन, तिरकं अक्षर, तपकिरी झालेली शाई, मधेमधे वाळवीची भोकं. दोन महिने नुसता झूम करून बघत होतो, काही म्हणजे काही कळत नव्हतं.

मग चर्चच्या आवारात तुमची भेट झाली. पहिल्याच संध्याकाळी तुम्ही तीन तास बसलात, मोबाईलवर भिंग धरून. मी सारखा "गुरुजी, नाव दिसलं का" विचारत होतो आणि तुम्ही म्हणालात, "अरे बाबू, काहून घाई करून राहिला, आधी त्या फादरचं अक्षर तर समजू दे." एगो इन्फ्रास्क्रिप्तुस म्हणजे मी खाली सही करणारा, प्रत्येक नोंद अशीच सुरू होते हे तुम्ही दाखवलं तेव्हा कुठे मला ओळी वेगळ्या दिसायला लागल्या. महिन्याच्या जागी आठचा आकडा आणि पुढे ब्रिस असं होतं, मी ते ऑगस्ट धरून बसलो होतो, तुम्ही सांगितलं की ऑक्टो म्हणजे आठ, हा ऑक्टोबर आहे, जुने फादर असंच लिहायचे. म्हणजे आम्ही इतकी वर्षं पणजोबांचा वाढदिवस कुठल्याच महिन्यात धरत नव्हतो, आता महिना आला.

आणि मग ते नाव. एम, ओ, यू, के, टी, ए. मी वाचलं मौकता, वाटलं आडनाव असेल किंवा गावाचं नाव चुकून लिहिलं असेल. तुम्ही चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणालात, फादर फ्रेंच भाषेतला माणूस, त्याच्या भाषेत ओ-यू म्हणजे उ, हे मुक्ता आहे. मुक्ता! गुरुजी, त्या क्षणी मी बायकोला फोन लावला पण बोलता येईना, तुम्हीच फोन घेऊन तिला सांगितलंत.

त्यानंतर चहा घेताना तुम्ही जे सांगितलं ते मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. आल्प्सच्या पायथ्याशी अनेसी नावाचं गाव, तिथे १८३८ मध्ये संत फ्रान्सिस द सालच्या नावाने संघ निघाला, आपल्या एसएफएस शाळेला ज्या संताचं नाव आहे तेच, त्या संघाचे फादर १८४६ मध्ये विशाखापट्टणमला उतरले आणि पुढे कामठी-नागपूर करत थेट गोदाकाठच्या खेड्यांपर्यंत गेले. १८८७ ला नागपूर धर्मप्रांत झाला. म्हणजे आमच्या गावात शेतसारा निजामाचा आणि बिशप नागपूरचा! १९५५ ला अमरावती धर्मप्रांत झाला, १९७७ ला औरंगाबाद, एकच चर्च तीन धर्मप्रांतात जाऊन आलं आणि जागचं हललंसुद्धा नाही. मी इथे अकरा वर्षं भाड्याच्या घरात राहतोय, स्वतःला बाहेरचाच समजत होतो, आणि पणजोबांचा बाप्तिस्मा नागपूरच्या बिशपांच्या हद्दीतला निघाला.

मार्जिनमध्ये बारीक अक्षरात पणजोबांच्या लग्नाची नोंद पण तुम्हीच पकडली, मी तर ते शाईचे डाग समजत होतो. तिथून पणजीचं माहेर कळलं. त्या गावात अजून कोणी आहे का बघायला भाऊ परवा जाऊन आला, आहेत, दोन घरं आहेत, त्यांनी त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

तुम्ही एक रुपया घेतला नाही, पेढे आणले तेही अर्धे परत दिले. म्हणून एवढंच सांगतो, २ नोव्हेंबरला गावच्या मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, मृतांची नावं वाचतात, आमच्या घराची चिठ्ठी दरवर्षी पणजोबांपासून सुरू व्हायची. यंदा सर्वात वर मुक्ता लिहिणार आहे. तुम्ही यायचं आहे. समृद्धीने सकाळी निघालो तर दुपारी पोचतो, गाडी मी आणतो, मुक्कामाची सोय घरीच. भिंग तेवढं सोबत घ्या, फादर म्हणत होते अजून दोन रजिस्टरं कपाटात पडून आहेत आणि शेजारच्या घरांनाही आपापली नावं शोधायची आहेत.

तुमचा,
मुक्ताच्या घरातला एक