मतदाराला एक, दोन, तीन कळतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लोकसभेला पसंतीक्रमाचं मतदान, म्हणजे एकाच नावाऐवजी उमेदवारांना १, २, ३ असा क्रम देणं, आणावं का, यावरचा कालचा अग्रलेख दोनदा वाचला. न पटणारं तुमच्याकडे अधूनमधून वाचतेच, त्यासाठी दर वेळी पत्र लिहीत नाही. आज बसले ती एका वाक्यामुळे. सर्वसामान्य मतदाराला ही पद्धत झेपणार नाही, असं तुम्ही लिहिलंत. कोणाला काय झेपतं हे मी फार जवळून पाहिलं आहे आणि ते वाक्य मला लागलं.

मी निवृत्त शिक्षिका. निवडणुकीचं काम शिक्षकांच्या पाचवीला पुजलेलं. एका वर्षी विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाच्या मतमोजणीला माझी नेमणूक झाली. तिथे मतदार पदवीधरच असतात. तिथे बटण नसतं आणि शिक्काही नसतो. केंद्रावर मिळालेल्या जांभळ्या स्केचपेनने नावापुढे १, २, ३ असे आकडे घालायचे, बस. तरी आमच्या टेबलावर बाद मतांचा गठ्ठा वाढतच होता. कोणी टिक केलेली, कोणी फुली मारलेली. एकाने आकड्याऐवजी अक्षरात 'एक' लिहिलं होतं. वळण इतकं सुरेख की हे मत एखाद्या शिक्षकाचंच असणार, असं वाटून गेलं. बाद. एकाने नावासमोर १ घालून खाली चेकवर करतात तशी सही केली होती. तेही बाद. हे सगळे पदवीधर बरं का. तुमच्या हिशोबाने ज्यांना सहज झेपायला हवं, तेच.

मला खरा धक्का बसला तो त्यानंतर. पहिल्या पसंतीत कोणालाच कोटा गाठता आला नाही. एकच जागा असली की कोटा म्हणजे वैध मतांच्या निम्मी अधिक एक. मग बाद फेऱ्या सुरू झाल्या. ज्याला सर्वांत कमी मतं तो स्पर्धेतून बाहेर, आणि त्याच्या मतपत्रिका पुन्हा उघडून त्यावर २ कोणासमोर आहे ते बघायचं. रात्र बरीच झाली होती, चहा गार होऊन पडला होता. आम्ही एकेक मतपत्रिका उलगडत होतो. १ आहे, २ नाही. पुढची घेतली. १ आहे, २ नाही. वाटून देण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. त्या तशाच बाजूला ठेवायच्या, त्यांचं काम संपलेलं. तो ढीग वाढत गेला आणि माझा हात थांबला, कारण मीही तसंच मत दिलं होतं.

मतदानाच्या आदल्या दिवशी आमच्या शिक्षककक्षात एका उमेदवाराचे कार्यकर्ते येऊन गेले होते. "मॅडम, फक्त १ लिहा. २ आणि ३ लिहिलं की आपल्याच माणसाचं मत कमी होतं." आम्ही आठ-दहा जणी होतो. कोणीही उलट प्रश्न विचारला नाही. वीस वर्षं मुलांना बेरीज-वजाबाकी शिकवणाऱ्या मीसुद्धा विचारला नाही. खरं तर पहिला उमेदवार स्पर्धेत असेपर्यंत दुसऱ्या पसंतीकडे कोणी बघतच नाही. तो बाहेर पडला तरच ती उघडते. त्याचं मत कमी होण्याचा प्रश्नच येत नाही. हे मला त्या टेबलावर, मध्यरात्रीनंतर कळलं. त्या रात्री जो निवडून आला तो कोटा न गाठताच आला, कारण शेवटी दोघेच उरले तेव्हा ढीगभर मतपत्रिका मुक्या झाल्या होत्या. त्यात माझीही कुठेतरी असेल. आज इतकी वर्षं झाली, तरी त्या कार्यकर्त्याचा हसरा चेहरा आठवला की राग येतो. लोकांना जमत नाही असं म्हणण्याआधी त्यांना काय शिकवलं जातं आणि कोण शिकवतं, ते बघा.

याच्या उलट एक सांगते. महापालिकेच्या चार सदस्यांच्या प्रभागात मी मतदान केंद्रावर होते. तिथे अ, ब, क, ड अशी चार मतं द्यायची असतात आणि चारही झाल्याशिवाय मशीन पुढे सरकत नाही. एक आजी आत गेल्या. अंगठा लावून आल्या होत्या, म्हणजे अक्षरओळख नाही. बराच वेळ झाला. मी आवाज दिला, "आजी, अजून एक बटण राहिलं बघा." आतून उत्तर आलं, "म्हाईत हाय गं. चौथं कुणाला द्यायचं त्ये ठरवू दे की!" या बाईला पहिला, दुसरा, तिसरा झेपणार नाही, असं मला कोणी सांगू नये.

आपल्या मतदाराने आजवर किती पद्धती शिकून घेतल्या, हेही तुमच्या अग्रलेखात नव्हतं. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती, पेटीवरचं चिन्ह बघून मतपत्रिका आत टाकायची. काही मतदारसंघ तर दोन सदस्यांचे होते, तिथे मतदाराला दोन मतं होती. मुंबई शहर उत्तर त्यातलाच. पुढे एकाच मतपत्रिकेवर खूण करायची आली. मग यंत्र आलं आणि २००४ पासून लोकसभेचं सगळं मतदान यंत्रावर गेलं. पुढे चिठ्ठी दाखवणारं व्हीव्हीपॅट आलं. दर वेळी कोणीतरी म्हणालंच असेल, लोकांना जमणार नाही. जमलं.

राष्ट्रपतीची निवड याच पसंतीक्रमाने होते, हे तुम्ही एका ओळीत उरकलंत. मराठी वृत्तपत्राने १९६९ विसरावं याचं मला वाईट वाटलं. त्या निवडणुकीत गिरी आणि संजीव रेड्डी यांच्याबरोबर आपले चिंतामणराव देशमुख उभे होते. मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारे तेच. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मतं पडली. कोटा होता ४,१८,१६९. कोणालाच तो गाठता आला नाही, म्हणून मागचे उमेदवार एकेक करत वगळले गेले. देशमुखांच्या मतपत्रिका उघडल्यावर त्यातली बहुतेक मतं रेड्डींकडे गेली, पण तेवढ्याने पुरलं नाही. गिरी ४,२०,०७७ मतांवर निवडून आले, रेड्डी ४,०५,४२७ वर राहिले. देशमुखांना मत देणाऱ्याने आपल्याला योग्य वाटला त्या माणसाला मत दिलं, आणि शेवटच्या दोघांत कोण हवा हेही सांगितलं. आमदार-खासदारांना ही सोय आहे. त्यांना निवडून देणाऱ्याला का नाही?

आम्हाला काय मिळतं? दर निवडणुकीत एकच ऐकायचं, मत वाया घालवू नका. २०१९ ला नांदेडात पहिल्या दोघांत साधारण चाळीस हजारांचा फरक होता आणि तिसऱ्याला दीड लाखाहून जास्त मतं होती. निकालाच्या दिवसापासून चर्चा एकच, याने मतं खाल्ली. मतं खाल्ली म्हणजे काय? ती मतं कोणाच्या ताटात वाढून ठेवली होती का? दीड लाख माणसं रांगेत उभी राहून आपल्या मनाने मत देऊन आली, आणि त्यांना चोर ठरवायचं! त्यांची दुसरी पसंती कोणाकडे गेली असती हे मी सांगू शकत नाही, तुम्हीही सांगू शकत नाही. त्यांना कोणी विचारलंच नाही. २०२४ ला मुंबई उत्तर पश्चिमचा निकाल ४८ मतांनी लागला. तिथे बाकीच्या उमेदवारांना मत देणाऱ्या हजारो लोकांनाही कोणी विचारलं नाही.

अडचणी नाहीत असं मी म्हणत नाही. आजचं यंत्र लोकसभेला एका माणसाचं एकच बटण नोंदवतं, ते बदलावं लागेल. सगळ्या उमेदवारांना क्रमांक द्यायची ऑस्ट्रेलियासारखी सक्ती आपल्याकडे चालणार नाही. २०१९ ला निजामाबादेत १८५ उमेदवार होते, तिथे कोण १८५ आकडे घालणार? पण तीन पसंती पुरेत. शेजारच्या श्रीलंकेत अध्यक्ष निवडताना मतदार तीनच पसंती देतो, तीही कागदावर. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथे पहिल्यांदाच दुसरी मोजणी करावी लागली आणि मतदानाच्या दुसऱ्या दिवशी निकाल हातात होता.

ब्रिटनने २०११ मध्ये ही पद्धत नाकारली, हा तुमचा शेवटचा हुकमी मुद्दा. नाकारली, खरं आहे. जवळजवळ ६८ टक्के लोकांनी नको म्हटलं. पण तिथे लोकांना विचारून नाकारली. आपल्याकडे लोकांच्या वतीने एका अग्रलेखात नाकारली जाते, तेही त्यांना आकडे कळत नाहीत या कारणाने.

आणखी एक बोलायचं राहतंय. तुमच्या निकालाच्या पानावर विजयी उमेदवाराचा फोटो असतो, गुलाल असतो, आघाडी किती हजारांची ते मोठ्या अक्षरात असतं. पण झालेल्या मतदानापैकी त्याला किती टक्के मतं मिळाली, हा आकडा मी गेली कित्येक वर्षं शोधते आहे. तो मला कॅल्क्युलेटर घेऊन काढावा लागतो, तोही पराभूतांची सगळी मतं छापली असतील तर. बऱ्याचदा पहिल्या तिघांचीच असतात, बाकी सगळे 'इतर'. शंभरातल्या ३५-४० जणांनी निवडलेला आणि ६० जणांनी निवडलेला, दोघेही तुमच्या पानावर सारखेच दिसतात. पुढच्या निकालाला तेवढा एक रकाना वाढवा. जागा कमी पडत असेल तर गुलालाचा फोटो थोडा लहान करा.

पत्र लांबलं. छापताना कापावं लागलं तर ब्रिटन काढा, श्रीलंका काढा, पण त्या शिक्षककक्षातल्या कार्यकर्त्याचा परिच्छेद तेवढा ठेवा. पुढच्या पदवीधर निवडणुकीआधी तो कोणाच्या तरी वाचनात यायला हवा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका