मालखान्यातल्या जुन्या पिस्तुलांविषयी केंद्रीय गृहमंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय गृहमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

सविनय नमस्कार.

२०२०च्या हिवाळ्यात आमच्या घरात तीन आठवडे एकाच गोष्टीवर खल चालला होता. घरात परवान्यावरची तीन हत्यारे होती. शस्त्र कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीने माणशी तीनची मर्यादा दोनवर आणली. वारशाने आलेल्या हत्यारालाही त्यात सूट नव्हती. तिसरे हत्यार वर्षभराच्या आत पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे होते. प्रश्न एवढाच, की तिघांतले कोणते.

एक दुनळी बारा बोअर. ती शेतासाठी, म्हणजे खरे तर रानडुकरांना आवाज ऐकवण्यासाठी. दुसरे वडिलांनी घेतलेले .३२चे रिव्हॉल्व्हर, कानपूरच्या सरकारी कारखान्यातले. दिसायला सामान्य, पण त्याची काडतुसे मिळतात. तिसरे आजोबांचे माउझर सी-९६. झाडूच्या दांड्यासारखी गोल मूठ, चापाच्या पुढे काडतुसांची पेटी, वरून पट्टीने दहा काडतुसे एका दमात आत ढकलायची. लाकडी म्यान मागे अडकवले की त्याचाच खांद्याला टेकवायचा दस्ता होतो. १८९६ ते १९३७ या काळात जर्मनीत ओबर्नडॉर्फला अशी लाखो पिस्तुले बनली. १८९८च्या ओमदुर्मानच्या लढाईत तरुण चर्चिल हेच घेऊन उतरला होता. आमच्या माउझरची शेवटची अकरा काडतुसे हिरवी पडली होती. नवी मिळण्याची आशा वडिलांनी हयातीतच सोडली होती. तरी दर निवडणुकीला तेही इतर दोघांबरोबर ठाण्यात जमा व्हायचे आणि निकाल लागला की परत यायचे. न उडणाऱ्या पिस्तुलापासून लोकशाहीला काय धोका होता कोण जाणे, पण नियम तो नियम.

व्यवहार स्पष्ट होता. जे वापरता येते ते ठेवावे, जे येत नाही ते द्यावे. आम्ही माउझर दिले. त्या निर्णयाबद्दल माझी तक्रार नाही. पुढे जे दिसले त्यासाठी हे पत्र आहे.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे या पत्रामागे पैशाचा लोभ आहे असे वाटायला नको. आमच्या माउझरला लिलावात कोणी विचारले नसते. आजोबांच्या धाकट्या भावाने प्रेमापोटी त्याला निकेलचा मुलामा देऊन आणला होता. कारखान्यातले मूळ निळसर काळे पाणी त्याखाली कायमचे गेले. संग्राहक पिस्तूल हातात घेतल्यावर नेम धरून बघत नाही; तो भिंगाने पृष्ठभाग बघतो, प्रत्येक भागावरचे आकडे एकमेकांशी जुळतात का ते बघतो. मुलामा म्हणजे त्याच्या लेखी निम्म्याहून अधिक किंमत बुडाली. चमकवून आपण ते बाद केले, हे आजोबांच्या भावाला शेवटपर्यंत कळले नाही. कोणी सांगितलेही नाही.

लिलावाचे जग उपयोगाच्या जगाला जवळजवळ पाठ करून उभे असते. १८४७चे कोल्ट वॉकर हे अमेरिकी रिव्हॉल्व्हर घ्या. दोन किलोच्या आसपास वजनाचे धूड. कमरेला लावणे अवघड म्हणून घोडेस्वार ते खोगिराला लटकवत. दारू जास्त मावे आणि धातू तेवढा सोसत नसे, त्यामुळे अनेकांची सिलिंडरे फुटली. मुळात बनली सुमारे अकराशे, त्यातली बरीच अशी गेली, आणि म्हणूनच जी उरली ती सोन्याहून महाग. एका उत्तम अवस्थेतल्या नगाला २०१८ साली अमेरिकेत १८ लाख ४० हजार डॉलर मिळाले. हत्यार म्हणून जो दोष, तोच दुर्मिळतेचे कारण झाला.

दुसरे उदाहरण याहून गमतीचे. आपल्याकडे सिंगर म्हटले की शिवणयंत्र. त्याच कंपनीला अमेरिकी सरकारने महायुद्धाच्या तोंडावर .४५च्या पिस्तुलाचे काम चाचणी म्हणून दिले. कंपनीने १९४१ साली पाचशे नग बनवून दिले आणि ती दुसऱ्या युद्धसामग्रीकडे वळली. त्या पिस्तुलात इतर लाखो सैनिकी पिस्तुलांहून वेगळे यंत्र नाही. गोळी तीच, धक्का तोच. फक्त बाजूला सिंगरचे नाव आणि आकडा पाचशेच्या आतला. २०१७ साली त्यातले एक ४ लाख १४ हजार डॉलरला गेले. ज्याने घेतले तो ते कधी झाडणार नाही. झाडलेल्या प्रत्येक गोळीबरोबर मूळ पाणी थोडे उडते आणि किंमतही.

आणि ज्यांना झाडण्याचा प्रश्नच नाही अशीही आहेत. व्हॅन गॉगने ज्याने स्वतःवर गोळी झाडली ते हेच असावे असे मानले जाणारे रिव्हॉल्व्हर शेतात सापडले, गंजून लाकडी मूठसुद्धा गेलेले. पॅरिसमध्ये २०१९ साली त्याला १ लाख ६२ हजार ५०० युरो मिळाले. ते लोखंड काट्यावर घातले तर भंगारवाला चहापुरतेही पैसे देणार नाही.

मंत्रिमहोदय, आपल्या देशात गणित वेगळे आहे, आणि हौशी मंडळी इथे स्वतःची फसवणूक करून घेतात असे माझे मत आहे. एखाद्याकडे जुने वॉल्थर पीपीके असते, त्याला कोणीतरी लाखांचा भाव सांगतो आणि हा समजतो की आपल्याकडे दुर्मिळ वस्तू आहे. ते पिस्तूल युरोपात पोलिसांच्या कमरेला लागलेली सर्रास गोष्ट होती. इथे ते महाग, कारण १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला आयात बंद झाली आणि ते .३२ मध्ये मिळते. तेच पिस्तूल ९ एमएमच्या सैनिकी काडतुसाचे असते तर प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे सामान्य नागरिकाला मनाई असलेल्या नळीच्या मापात, गेले असते आणि सामान्य परवान्यावर त्याला हातही लावता आला नसता. .३८०, .४५५, .४५ यांचेही तेच. म्हणजे आपल्याकडचा भाव इतिहासाचा नसून नियमांच्या फटीतून उरलेल्या पुरवठ्याचा आहे. तो भाव दाखवून कायदा सैल करा असे मी म्हणत नाही. मला तिसरे हत्यार नको. बंदुका कमी असाव्यात या बाजूचाच मी आहे.

माझे म्हणणे जमा झालेल्या हत्यारांविषयी आहे.

हत्यार मालखान्यात, म्हणजे पोलिसांच्या जमा-जप्त वस्तूंच्या कोठीत, गेले की कायद्याच्या दृष्टीने त्याला एकच प्रश्न उरतो: उडते की नाही. शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये पुराणवस्तूचे मूल्य असलेल्या हत्याराला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही उडता कामा नये. फेब्रुवारी २०२० मध्ये आपल्याच मंत्रालयाने नियमांत बदल केला. क्युरिओ, म्हणजे जुनी दुर्मिळ वस्तू म्हणून जपलेल्या, प्रकारातली छोटी शस्त्रे नुसती बाळगायला नागरिकाला परवाना नको, वापरायला किंवा घेऊन फिरायला मात्र हवा, असे त्यात आहे. मला तो बदल शहाणपणाचा वाटला. त्याची बातमी छापून घेऊन मी पोलीस ठाण्यात गेलो. टेबलामागच्या गृहस्थांनी ती नीट वाचली, मग पिस्तुलाकडे बघून विचारले, "चालतं ना पण?" मी म्हणालो, गोळी मिळाली तर चालेल. "मग क्युरिओ कसला?" त्यांचा सूर अजिबात उर्मट नव्हता. त्यांच्यापर्यंत वरून काही लेखी आलेलेच नव्हते, आणि स्वतःच्या सहीने असली जोखीम कोण घेतो?

मी विचारले, पुढे याचे काय होईल? ते म्हणाले, साचले की एकत्र भट्टीत जाते.

इथे मला भगतसिंगांचे पिस्तूल आठवले. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरात ब्रिटिश पोलीस अधिकारी साँडर्सवर ज्याने गोळ्या झाडल्या ते .३२चे कोल्ट. खटल्यानंतर ते फिल्लौरच्या पोलीस प्रशिक्षण शाळेत गेले, तिथून १९६०च्या दशकाच्या अखेरीस इतर जुन्या हत्यारांच्या गठ्ठ्याबरोबर सीमा सुरक्षा दलाच्या इंदूरच्या शाळेत. गंज लागू नये म्हणून त्यांना काळा रंग फासलेला. जवळजवळ पन्नास वर्षे ते तिथे बेनाव पडून होते. अलीकडे कोणीतरी चिकाटीने जुन्या नोंदी काढल्या, रंग खरवडला, तर खाली आकडा निघाला: १६८८९६. खटल्याच्या कागदांतला तोच. आता ते पंजाबातल्या हुसैनीवालाच्या संग्रहालयात आहे. ते ओळखू आले ते एका आकड्यामुळे, आणि मधल्या काळात कोणी ते वितळवले नाही या नशिबामुळे.

माउझरची गोष्ट तर आकड्यांचीच आहे. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कोलकात्याच्या रॉडा या शस्त्रविक्रेत्या कंपनीची ५० माउझर पिस्तुले आणि ४६ हजार काडतुसे क्रांतिकारकांनी भरदिवसा बैलगाडीतून पळवली. पुढच्या वर्षी बंगालचे क्रांतिकारक बाघा जतीन ओडिशातल्या बालासोरला पोलिसांशी लढले ते याच माउझरांनी. कंपनीकडे प्रत्येक पिस्तुलाचा क्रमांक लिहिलेला होता, म्हणून पोलीस एकेक सापडले की ओळखत. क्रांतिकारी चळवळीवरच्या ब्रिटिश सरकारच्या १९१८च्या रौलट अहवालापर्यंत ३१ परत मिळाली होती. बाकीची कुठे गेली? आमचे त्यातले होते असा दावा मी करत नाही. आजोबांकडे ते रीतसर खरेदीने आले होते, कागद आहे. पण देशातल्या कुठल्या तरी मालखान्यात, 'जुने विदेशी पिस्तूल, १ नग' एवढ्याच नोंदीखाली, त्यातले एखादे पडलेले नसेलच असे कोण सांगेल? नाशिकला १९०९ साली अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर झाडले ते ब्राउनिंग लंडनहून छुप्या मार्गाने आलेल्या वीस पिस्तुलांतले होते. महाराष्ट्राला त्या विसांचा हिशेब हवा की नको?

१९७२च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपूर्वीची वस्तू पुरावशेष ठरते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. पहिल्या महायुद्धातले पिस्तूल आज त्या वयाचे आहे. म्हणजे एकच वस्तू एका मंत्रालयाच्या लेखी जपण्याची आणि दुसऱ्याच्या लेखी वितळवण्याची. नेपोलियनची दोन पिस्तुले २०२४ साली १६ लाख ९० हजार युरोला विकली गेली, त्याच सुमारास फ्रान्सने ती राष्ट्रीय ठेवा ठरवून बाहेर न्यायला बंदी केली आणि सरकारला ती विकत घेता यावीत म्हणून तीस महिन्यांची मुदत ठेवली. आपल्या राज्य सरकारने २०२५ साली लंडनच्या लिलावातून रघुजी भोसल्यांची तलवार सुमारे ४७ लाख १५ हजार रुपयांना सोडवून आणली; विमानतळावर तिचे स्वागत झाले ते मी टीव्हीवर पाहिले आणि मलाही भरून आले. तलवारीतून गोळी उडत नाही, म्हणून तिचे नशीब बरे.

मागणी मोठी नाही. भट्टीत जाण्याआधी प्रत्येक जुन्या पिस्तूल-रिव्हॉल्व्हरचा फोटो काढावा, दोन्ही बाजूंचा, आणि त्यावरचे सगळे आकडे व शिक्के लिहून घ्यावेत. शंभरी ओलांडलेले असेल तर राज्याच्या पुरातत्त्व खात्याच्या माणसाने एकदा ते हातात घ्यावे. वारसदाराला ते थेट संग्रहालयाला देण्याची वाट असावी. नळी बंद करायची तर करावी, पण आकडे न खरवडता. आणि क्युरिओचा नियम टेबलामागच्या माणसापर्यंत सोप्या भाषेत, सहीशिक्क्यासह पोहोचवावा, म्हणजे निर्णयाचे ओझे त्याच्या एकट्याच्या मानेवर पडणार नाही.

माउझर जमा केल्याच्या पावतीची छायाप्रत सोबत जोडली आहे. त्यावर 'जर्मन पिस्तूल, पांढरे, १ नग' असे लिहिले आहे आणि क्रमांक दिला आहे. त्यातला तिसरा आकडा ७ लिहिला गेला आहे. निकेलखाली खोदकाम बुजले आहे आणि जुन्या जर्मन पद्धतीचा १ असाच शेंडीचा असतो, त्यामुळे चूक कोणाचीही झाली असती. तो १ आहे. पिस्तूल अजून असेल, तर तेवढी दुरुस्ती करून घ्यावी, ही विनंती.

आपला,
एक परवानाधारक